समोरचा इटालियन

"आज जमलं नाही."

हात पुसत तो स्वयंपाकघरातून बाहेर यायचा, गिऱ्हाइकासमोर नुकत्याच ठेवलेल्या ताटाकडे बघायचा आणि हे बोलायचा. गिऱ्हाइकाने अजून घाससुद्धा घेतलेला नसायचा. "पास्ता नका खाऊ, आज जमला नाही. भगर चांगली झालीय, ती आणतो." असं म्हणून तो ताट उचलून आत न्यायचा. आणि सुरतेहून गाडी चालवत आलेला, भुकेलेला माणूस रागवायच्या ऐवजी हसायचा. मी रस्त्याच्या अलीकडे, माझ्या भट्टीपाशी उभा राहून हे बघायचो. शब्द ऐकू यायचे नाहीत, पण ताट परत चाललेलं दिसायचं आणि माणूस हसलेला दिसायचा. माझं डोकं तिथेच तापायचं.

तुम्हीही हॉटेलांत जेवता, तुम्हीच सांगा. जे जमलं नाही ते मुळात टेबलावर आणायचं कशाला? आणि आणलंच, तर गप्प बसावं. आमच्या धंद्याची रीत तीच. आमच्याकडची शेवभाजी आज जशी लागते तशीच उद्या लागते, उन्हाळ्यात तशी, पावसाळ्यात तशी. ट्रकवाले सांगायचे, गाडी कोंडाईबारीचा घाट उतरली की तुमच्या रश्श्याची चव जिभेवर यायला लागते. म्हणजे चव आधीच ठरलेली. असं असताना लोक थांबून बोलायचे ते त्याच्याबद्दल.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. नावाने त्याला विसरवाडीत फारसं कुणी हाकही मारली नाही. ट्रकवाले 'इटालियनवाला' म्हणायचे, एसटीचे कंडक्टर 'शेफ' म्हणायचे, आणि माझे वडील, ज्यांना सगळा गाव नाना म्हणायचा, ते 'समोरचा' म्हणायचे. तो मला 'शेठ' म्हणायचा. मी त्याला काहीच म्हणत नसे.

आमचं हॉटेल महामार्गाला लागून. नानांनी सुरू केलं, मी पुढे चालवलं. नाना गल्ल्यावर बसायचे आणि तिथूनच सगळ्या स्वयंपाकघराचा वास घ्यायचे. कांदा जरा कमी भाजला गेला तरी त्यांना बसल्या जागी कळायचं. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. ते सगळं इथे लिहिलं तर वाचणाऱ्याला जड जाईल, पण नानांचं बोलणं तसंच ठेवतो. ते दुसऱ्या भाषेत लिहिलं तर त्यात नाना उरत नाहीत.

नानांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे 'चालस'. चालतं. पहिल्यांदा मी एकट्याने रस्सा केला तेव्हा त्यांनी बोट बुडवून चाखला आणि म्हणाले, "चालस." हॉटेलवर मी पक्कं छप्पर चढवलं तेव्हा वर बघून म्हणाले, "चालस." माझ्यासाठी मुलगी बघून आले तेव्हाही हेच म्हणाले होते. ते बायकोला कुणीतरी सांगितलं, आणि ती ते कधी विसरली नाही. मी मात्र त्या एका शब्दावर समाधानी होतो. मला वाटायचं, याच्यावरचा शब्द नानांकडे नाहीच.

तो नवापूरच्या डोंगरातला. घरचे ख्रिस्ती, थोडी शेती, बाकीचे महिने गुजरातेत मजुरीला. पोरवयात तो दमणच्या एका हॉटेलात भांडी घासायला गेला. तिथून गोव्याला, तिथून जहाजावर. जहाजाच्या स्वयंपाकघरात एका म्हाताऱ्या इटालियन आचाऱ्याच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. वडील वारले तेव्हा तो समुद्रावर होता, येऊ शकला नाही. मग आई एकटी पडली म्हणून परत आला आणि आमच्या बरोबर समोर, टायरवाल्याच्या बंद पडलेल्या गाळ्यात त्याने हॉटेल मांडलं. फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'इटालियन व घरगुती'.

मी बायकोला म्हणालो, विसरवाडीत इटालियन कोण खाणार. ती म्हणाली, "तुम्ही कशाला काळजी करता? नाही खाल्लं तर तुमच्याकडेच येतील." मलाही तेच वाटत होतं.

त्याने विटांची घुमटासारखी भट्टी स्वतः बांधली. माती आईच्या शेतातून आणली. शर्टाच्या खिशात, लोक पेन ठेवतात त्या जागी, तो चमचा ठेवायचा. आणि सगळ्यात मोठा वेडेपणा म्हणजे मैदा कमीत कमी वापरायचा. त्याला नागलीचा, म्हणजे नाचणीचा, पास्ता करायचा होता. भगरीची ती मऊ, चीज घातलेली खिचडी करायची होती, तिला तो रिझोतो म्हणायचा. पिझ्झ्यावर भाजलेल्या हिरव्या वांग्याचं भरीत. टोमॅटोच्या सॉसमध्ये नंदुरबारची लाल मिरची. तो म्हणायचा, "जहाजावर मी सगळ्या देशांच्या माणसांना त्यांच्या त्यांच्या घरचं खायला घातलं. आमच्या घरचं कुणी मागितलं नाही."

नागलीला ताण नसतो हे आमच्या भाकरी करणाऱ्या बाईलाही माहीत होतं. त्यालाही माहीत असणार. तरी रोज सकाळी तो नागलीचं पीठ घेऊन बसायचा.

उद्घाटनाला त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. जाणं भाग होतं, शेजारधर्म. नाना, मी, बायको आणि आमची प्राची, जी तेव्हा कॉलेजात होती, असे चौघं रस्ता ओलांडून गेलो. माझ्या हॉटेलाकडे समोरून मी तोवर कधी बघितलंच नव्हतं. ते मला जरा काळवंडलेलं दिसलं, आणि तिथपासूनच माझं बिनसलं.

आधी नागलीचा पास्ता आला. काटा लावला तसा तो तुटला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. तोंडात कचकच. मी बायकोकडे बघितलं. मनातून मला इतकं बरं वाटलं की मी आणखी एक घास घेतला. मग पिझ्झा. खालून करपलेला, मधे कच्चा, पण वरचं भरीत असं की प्राचीने ते सगळं खरवडून खाल्लं. मिरचीचा सॉस इतका जळजळीत की पलीकडच्या टेबलावरचा सुरतेचा माणूस डोळे पुसत पाणी मागत होता. मी म्हटलं, चला, हे दोन महिन्यांत बंद होणार.

तेवढ्यात तो बाहेर आला, टेबलाकडे बघून म्हणाला, "पास्ता आज जमला नाही, नाना. तो राहू द्या." आणि त्याने भगर पुढे ठेवली.

पांढरी, सैलसर भगर. त्यात तुरीचे ओले दाणे, लसणाची पात, वर वितळलेलं चीज. आपण उपासाला खातो ती भगर, पण हिच्यात उपासाचं काही नव्हतं. मी पहिला घास घेतला आणि माझ्या लक्षात आलं की मला ती आवडलीय. मग मला राग आला. तो राग गिळत असताना शेजारी नानांनी चमचा खाली ठेवला.

"हाई चांगलं शे," नाना म्हणाले.

चांगलं आहे. माझ्या उभ्या आयुष्यात नानांच्या तोंडून खाण्याबद्दल हा शब्द मी ऐकला नव्हता. आईच्या हातच्या मांड्यांना नाही, माझ्या रश्श्याला नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. ती दया होती. ती मला सगळ्यात जास्त लागली.

शेवटी एक गोड पदार्थ आला, मोहाच्या फुलांच्या पाकात भिजवलेलं बिस्किट आणि वर साय. नानांनी वास घेतला. "यामा दारू शे का?" तो म्हणाला, नाही नाना, नुसती फुलं. "मंग ठीक," म्हणून त्यांनी वाटी संपवली आणि माझी अर्धी उरलेली वाटीही जवळ ओढली.

दुसऱ्या दिवसापासून नाना दुपारच्या वेळी, आमच्याकडची गर्दी ओसरली की, काठी घेऊन रस्ता ओलांडायला लागले. मी विचारलं, कुठे निघालात? "तठे जाई ऱ्हायनू," एवढंच. तिकडे जाऊन काय खाल्लं ते कधी सांगायचे नाहीत. पण परत आले की मला चेहऱ्यावरून कळायचं, आज जमलं की नाही. बरेचदा जमलेलं नसायचं. भट्टीची एक बाजू जास्त तापायची, महामार्गाचा वारा शिरला की आच फिरायची. कधी भगर गिचका व्हायची, कधी पावाला दगडासारखी कडा यायची. तरी नाना जायचे. एकदा मी न राहवून म्हणालो, "नाना, तिकडे चार दिवसांत एकदा नीट मिळतं. इथे रोज नीट मिळतं."

नाना काडीने दात कोरत होते. म्हणाले, "रोज सारखंच ऱ्हास. मंग लक्षात काय ऱ्हाई?"

त्यानंतर मी जे केलं ते तुमच्यातल्या कुणीही केलं असतं असं मला वाटतं. मीही पास्ता करायचं ठरवलं. नवापूरच्या मारवाडी दुकानदाराकडून मॅकरोनीची पाकिटं आणली. पांढरा सॉस करायला गेलो तर त्याच्या गुठळ्या झाल्या, मग त्यात आपला काळा मसाला घातला. एका ओळखीच्या ट्रकवाल्यापुढे ठेवलं. त्याने बराच वेळ ताटाकडे बघितलं आणि विचारलं, "शेठ, तब्येत ठीक आहे ना?" नानांनी चाखलं. म्हणाले, "चालस." त्या दिवशी तो शब्द मला पहिल्यांदा बोचला.

बायकोचं वेगळंच सुरू झालं. ती त्याच्याकडे पाव शिकायला जाऊ लागली. मी म्हटलं, पाव बेकरीत मिळतो. ती म्हणाली, "मिळतो. पण त्याला विचारलं तर तो सांगतो. तुम्हाला रश्श्याचं विचारलं की तुम्ही भट्टीकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करता." हे खरं होतं. मसाल्याचं प्रमाण मी कुणालाच दाखवत नसे, नानांनीही मला कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. मी ते चोरून बघत बघत शिकलो होतो. माझ्या मते शिकायची रीत तीच.

आणि हे सगळं कमी म्हणून की काय, तो रोज संध्याकाळी जेवायला माझ्याकडे यायचा. स्वतःच्या हॉटेलात नाही, माझ्याकडे. कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा, शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मागायचा. सावकाश खायचा, वाटी पुसून काढायचा. मी वाट बघायचो की आता काही बोलेल. बोलायचा नाही. जाताना नानांना नमस्कार करायचा आणि रस्ता ओलांडून जायचा. मला खात्री होती की तो माझा रस्सा ओळखायला येतो. मी मुद्दाम त्याच्या वाटीत शेव जास्त घालायचो, म्हणजे चव नीट कळू नये.

एकदा मात्र मी विचारलं. म्हटलं, "इटालियन करणाऱ्याला रोज शेवभाजी कशी चालते?"

तो म्हणाला, "शेठ, दिवसभर मला धास्ती असते, आज काय होईल. संध्याकाळी जिथे काय होणार ते माहीत आहे, तिथे येऊन बसतो."

यात कौतुक होतं की नव्हतं, त्यावर मी बरेच दिवस विचार केला.

मग प्राचीचं लग्न ठरलं. मुलगा म्हसावदचा, पपईची शेती, घरचे लोक भले पण मानपानाला कडक. साखरपुडा आमच्याकडे करायचा होता. मला कधीपासून वाटत होतं की माझ्या मुलीच्या साखरपुड्याची पंगत माझ्या भट्टीवर उठेल. मी मेनूसुद्धा मनात ठरवून ठेवला होता. प्राची माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, जेवण समोरच्या काकांकडे करायचं."

मी म्हटलं, का, माझ्या हातात काय कमी आहे.

"कमी काही नाही. तुमची शेवभाजी त्या लोकांनी येता-जाता किती वेळा खाल्लीय. मला काहीतरी वेगळं हवंय. माझा दिवस आहे."

मी नानांकडे बघितलं. नाना नाणी लावत होते. म्हणाले, "पोर म्हणस तसं कर."

घरातली चारही माणसं त्याच्या बाजूला गेली होती. चौथा मी. कारण 'हो' मीच म्हणालो.

तोवर रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम विसरवाडीपर्यंत आलं होतं. साखरपुड्याच्या सकाळी त्याच्या गाळ्याच्या मागे रोलर फिरायला लागला. जमीन अशी हादरत होती की माझ्याकडची पातेली एकमेकांवर आपटत होती. त्या हादऱ्याने त्याच्या भट्टीच्या घुमटाला मोठी चीर गेली. मला ते दुपारी कळलं. सकाळी मला एवढंच दिसलं की तो भट्टीपाशी ओली माती घेऊन गुडघ्यावर बसलाय आणि काहीतरी लिंपतोय.

म्हसावदची मंडळी आली. साखरपुडा झाला, त्याच्याकडे पंगत बसली. प्राचीने मुद्दाम सांगितलेला पदार्थ होता, नागलीच्या पातळ पोळ्या आणि वांग्याचे थर, मधे पांढरा सॉस, वर चीज. मोठमोठे ट्रे बाहेर आले. वरून रंग सुरेख आला होता. त्याने खिशातला चमचा काढला, एका ट्रेच्या मधोमध खुपसला आणि तोंडात घातला. मग तो ताठ उभा राहिला आणि व्याह्यांच्या अख्ख्या पंगतीसमोर बोलला.

"आज जमलं नाही. आतून कच्चं आहे. माफ करा."

पंगतीत कुणी हसलं नाही. ती सुरतेची प्रवासी माणसं नव्हती, ती वराकडची माणसं होती. मुलाचे मोठे काका हात धुऊन बसले होते. ते मांडीवरचा रुमाल झटकत म्हणाले, "आम्हले इतला लांब बलाई लिधं, अन् हाऊ म्हणस जमनं नही."

खरं सांगायचं तर माझ्या छातीतलं ओझं क्षणभर उतरलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यावर चिडलं होतं. मला वाटलं, बघा. बघा सगळ्यांनी.

मग मी प्राचीकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. काकांकडेही नाही. ती माझ्याकडे बघत होती. या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे बघत होतं.

मी काकांना म्हणालो, "बसा पाहुणे, थोडा वेळ द्या, पंगत उठणार नाही." बायकोला म्हटलं, सरबत फिरव. आणि रस्ता ओलांडून माझ्या हॉटेलातून मसाल्याचा डबा, सुकं खोबरं आणि शेवेचं पोतं घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात शिरलो.

तो भिंतीला टेकून उभा होता. मी म्हटलं, "कांदा चिर." तो पाट ओढून बसला.

त्याच्या चुली माझ्या ओळखीच्या नव्हत्या, पातेली कुठे आहेत माहीत नव्हतं. मी मागायचो, तो हातात द्यायचा. कांदा परतताना त्याने विचारलं, "किती काळा करायचा?" माझ्या अंगवळणी पडलेलं होतं की अशा वेळी पाठ फिरवायची. पण जागा अरुंद होती आणि वेळ नव्हता. मी म्हटलं, "बघ. कडा जळाल्यासारख्या दिसल्या की अजून थोडा." त्याने बघितलं. मसाला किती घातला तेही बघितलं. जी गोष्ट मी बायकोलाही दाखवली नव्हती, ती त्याला त्या गडबडीत दाखवून बसलो.

रस्सा उकळला. त्याने खिशातला चमचा धुतला, चाखला. मी ढवळायचं थांबलो. माझं वय पन्नाशीकडे झुकलेलं, लेकीचा साखरपुडा चाललेला, आणि मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत उभा.

तो म्हणाला, "नाना लहानपणापासून तुम्हाला घेऊन बसले असतील ना, हे शिकवायला?"

मी म्हटलं, "नानांनी काही शिकवलं नाही. मी मागे उभा राहून बघितलं."

"उभं राहू दिलं ना," तो म्हणाला. "मी घरी आलो तेव्हा माझ्या बाबांची नांगर धरायची जागा होती, बाबा नव्हते."

मी शेव घालायला घेतली.

तो उठला आणि भट्टीकडे गेला. तडकलेल्या घुमटाची एक बाजू अजून तापलेली होती. पावासाठी मळून ठेवलेली कणीक त्याने हाताने थापली, जाड भाकरीएवढी, आणि त्या गरम बाजूला सरकवत गेला. ती तशी वाकडीतिकडी फुगली, कुठे डाग, कुठे फोड. आम्ही दोघांनी मिळून वाढलं. वाटीत माझा रस्सा, हातात त्याचा पाव. नानांनी रस्सा दोनदा मागितला आणि मान खाली घालून खात राहिले. मी त्यांच्यापुढे जरा जास्तच वेळ उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं नाही.

पंगत उठली ती खुशीत उठली. काका हात धुऊन आले, दाताखाली बडीशेप, चेहरा खुललेला. माझ्या पाठीवर हात ठेवला. मी नम्र व्हायची तयारी केली. काकांनी विचारलं, "हाऊ पाव कोनी बनाडा?"

मी समोरच्याकडे बोट दाखवलं. काका त्याच्याकडे गेले. त्याचे दोन्ही हात धरले. काकांचा आवाज मोठा, सगळ्यांनी ऐकलं. माझ्या रश्श्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. तो माझ्याकडे बघत होता आणि सारखा सांगत होता, "रस्सा शेठचा आहे, रस्सा शेठचा आहे." काका म्हणाले, हो हो, ते तर आहेच. मुलीचं सगळं नीट पार पडलं म्हणून मी देवाला हात जोडले. आणि जोडलेले असतानाही मनात तो पाव सलत होता. माणसाचं मन असं असतं, त्याला मी काय करू?

महिन्याभरात रस्त्याच्या खुणा पडल्या. चुन्याची रेघ त्याच्या गाळ्याच्या मागून गेली, म्हणजे गाळा रस्त्यात जाणार. आमची बाजू वाचली. लोक मला म्हणाले, तुमचं नशीब. मी मान हलवली. पण गिऱ्हाइकं जेवता जेवता त्याच्या गाळ्याकडे बघून हळहळायची, कुणी फोटो काढायचे, सुरतेचं एक कुटुंब तर फक्त शेवटची भगर खायला म्हणून वाट वाकडी करून आलं. माझं हॉटेल गेलं असतं तर कुणी फोटो काढला असता का, असा विचार मनात आला. तो मी बायकोला बोलून दाखवला नाही.

दमणजवळच्या एका हॉटेलात त्याला काम मिळालं. आईला तो बरोबर नेणार होता. तिला शहरात करमणार नाही, असं बायको म्हणाली. तो म्हणाला, "मलाही नाही करमणार. पण दोघं असू."

जायच्या सकाळी तो आमच्याकडे आला. बायकोला पावाच्या चार गोष्टी परत समजावल्या. माझ्यासमोर उभा राहिला. मी डाळीला फोडणी देत होतो. म्हणाला, "शेठ, येतो." मी म्हणालो, "या." याहून जास्त माझ्याच्याने झालं नाही. धुराने दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, तेवढं एक बरं.

तो रस्ता ओलांडून नवापूरच्या बसची वाट बघत उभा राहिला. पायाशी पिशवी, शेजारी आई, मागे अर्धा पाडलेला गाळा. डंपर ये-जा करत होते, धूळ इतकी की माणूस दिसायचा आणि नाहीसा व्हायचा.

नाना गल्ल्यावरून उठले. गिऱ्हाईक समोर उभं असताना नाना कधीच उठत नसत. दुखणं असो, पाहुणा असो, नाहीच. त्या दिवशी पैसे द्यायला माणूस उभा होता, त्याला तसाच ठेवून नाना काठी घेऊन निघाले. मी हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. डंपरवाल्याला काठी दाखवून थांबवलं आणि पलीकडे गेले.

तिथे जाऊन त्यांनी त्याचा हात धरला. काहीतरी बोलले. आवाजामुळे त्याला ऐकू गेलं नसावं, कारण तो खाली वाकला. नानांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं. ते बरंच बोलत होते. नाना, जे दोन शब्दांच्या वर जात नसत, ते बोलतच होते. तो आधी हसला. मग त्याने मनगटाने डोळे पुसले. बस आली.

नाना परत आले तेव्हा केसांवर, भुवयांवर धूळ होती. गल्ल्यावर बसले. मी विचारलं, "काय सांगत होतात एवढं?"

"तुन्हं काम कर," नाना म्हणाले.

पुढे नाना गेले. आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसायचो. पेज भरवायचो, ते दोन घास घ्यायचे. विचारायला वेळ होता, मी विचारलं नाही. त्याचा नंबर बायकोकडे आहे. नाताळला ती बोलते, पावाचं सांगते, त्याच्या आईची तब्येत विचारते. मला म्हणते, तुम्ही बोला ना, विचारून घ्या एकदाचं. मी हातात पळी घेऊन भट्टीकडे वळतो.

आता रस्ता झालाय. त्याच्या हॉटेलाच्या जागेवरून सुरतेकडे जाणाऱ्या गाड्या धावतात आणि तिथे कुणी ब्रेकही लावत नाही. दुपारची गर्दी ओसरली की मी भट्टीपाशी उभा राहून तिकडे बघतो. मला दर वेळी तेच दिसतं. धुळीत दोघं उभे आहेत, एक डोकं दुसऱ्याच्या तोंडापाशी वाकलेलं, माझा बाप त्याच्या कानात काहीतरी सांगतोय, आणि मी रस्त्याच्या या बाजूला आहे.